मायक्रोआरएनएची रक्ततपासणी करून घ्यावी का? (आई, वय ६४)

कोलशेतकरीण | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, आज आमच्या सोसायटीत (घोडबंदर रोड) आरोग्य शिबिर झालं. बीपी, शुगर, हाडांची घनता हे नेहमीचं फुकट होतंच, पण क्लबहाउसच्या दाराशी एक वेगळं टेबल लावलं होतं. तिथल्या पत्रकावर लिहिलंय की रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून अनेक प्रकारचे कॅन्सर लक्षणं दिसायच्या आधीच कळतात. किंमत पाच आकडी, आजच नाव नोंदवलं तर सवलत. टेबलावरचा मुलगा दर दोन वाक्यांनी "नोबेल मिळालेलं तंत्रज्ञान आहे, मॅडम" म्हणत होता.

आईला काही त्रास नाही. पण मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, तेव्हापासून आईने धास्ती घेतलीय. ती तिथेच पैसे भरायला निघाली होती, मी "विचारून सांगते" म्हणून थोपवून धरलंय. नेटवर शोधलं तर निम्मे म्हणतात क्रांती, निम्मे म्हणतात धंदा. नोबेल खरंच मिळालंय का? आणि मिळालं असेल तर तपासणी चांगलीच असणार ना?

शंकासुर | रविवार, रात्री १०:०२

नोबेलच्या नावावर खरेदी करायची तर त्या नोबेलने डायनामाइटही शोधला होता. घेणार का? (हलके घ्या.)

गंमत सोडा. ज्या तपासणीला "आजच नोंदवा"ची घाई असते, तिच्यापासून मी चार हात लांब राहतो. बाकी जाणकारांनी लिहा, वाचतोय.

खारघरची_सई | रविवार, रात्री ११:३०

मॉलिक्युलर बायॉलॉजीत काम करते म्हणून लिहिते. लांबेल.

नोबेल मिळालंय, २०२४ चं, वैद्यकशास्त्राचं, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना. पण ते कॅन्सरच्या तपासणीसाठी नाही, एका गोलकृमीतल्या शोधासाठी आहे. सी. एलेगन्स हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा कृमी. त्यातला लिन-४ नावाचा जनुक प्रथिन बनवतच नाही, साधारण २२ अक्षरांचा एक आखूड आरएनए बनवतो, आणि तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाचं काम दाबतो, हे १९९३ साली छापून आलं. तेव्हा बहुतेकांनी ती कृमीचीच काहीतरी तऱ्हा म्हणून सोडून दिली. २००० साली रव्हकनच्या गटाला लेट-७ हा दुसरा आखूड आरएनए मिळाला. तो माशीपासून माणसापर्यंत सगळीकडे निघाला, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. या आखूड आरएनएंनाच मायक्रोआरएनए (नावांत थोडक्यात 'मिर') म्हणतात. माणसात असे हजाराहून जास्त सापडलेत.

हे करतात काय? जनुकाची प्रत म्हणजे मेसेंजर आरएनए ही सोसायटीच्या फळ्यावर लावलेली नोटीस समजा. ती वाचून पेशी प्रथिन तयार करते. मायक्रोआरएनए त्या नोटिशीवर जाऊन चिकटतो. मग ती वाचली जात नाही किंवा फाडून टाकली जाते. भानगड अशी की एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या नोटिशींवर चिकटू शकतो, आणि एकाच नोटिशीमागे चार-पाच जण लागलेले असतात. ही भानगड लक्षात असू द्या, पुढे औषधांच्या वेळी लागणार आहे.

कॅन्सरशी पहिला ठोस संबंध २००२ साली जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांनी दाखवला. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा उतारवयात होणारा, बहुधा संथ चालीचा रक्ताचा कॅन्सर. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा ठरावीक तुकडा गायब असतो. तिथे कुठला जनुक हरवतो ते लोक कित्येक वर्षं शोधत होते आणि प्रथिनाचा जनुक काही हाती लागत नव्हता. कारण हरवलेले होते दोन मायक्रोआरएनए, मिर-१५ए आणि मिर-१६-१. हे दोघे बीसीएल-२ नावाच्या प्रथिनाला आवर घालतात. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. आवर गेला की पेशी मरायची विसरते आणि रक्तात साचत जाते. आज याच आजारात व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी देतात, ती नेमकी बीसीएल-२ लाच रोखते.

म्हणजे मायक्रोआरएनए आणि कॅन्सर हे नातं खरं आहे, पक्कं आहे. पण त्यावरून "निरोगी माणसाचं रक्त काढा आणि कॅन्सर शोधा" इथवर उडी मारता येते का, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर, आज तरी नाही. झोप येतेय, उरलेलं उद्या.

तलावपाळी | सोमवार, सकाळी ७:१५

सई, सोप्या भाषेत लिहिलंत. वाचनखूण साठवली.

निवृत्त_पॅथ | सोमवार, सकाळी ८:५०

सईताईंचं शास्त्र बरोबर आहे. मी पत्रकात कधीच न छापली जाणारी गोष्ट सांगतो, ती म्हणजे नळी. आयुष्य ठाण्यात पॅथॉलॉजीत गेलं.

सकाळी सहाला ब्लड कलेक्शनचा पोरगा बाइकवर निघतो. कळव्यात एक, विटाव्याला दोन, ऐरोलीत चार घरं. कुणाची शीर सापडत नाही, म्हणून पट्टा आवळून ठेवतो, बारीक सुईने खेचतो आणि सिरिंजमधलं रक्त जोरात नळीत सोडतो. नळ्या बॅगेत, बॅग पाठीवर, मे महिन्याचं ऊन. लॅबमध्ये नळी फिरवल्यावर वर येणारा प्लाझ्मा गवती पिवळा दिसायला हवा, तो गुलाबी दिसतो. म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. आम्ही याला हिमोलाइज्ड सॅम्पल म्हणतो. पोटॅशियम मागितलं असेल तर तो नमुना सरळ टाकून देतो आणि नवा मागवतो.

आता मायक्रोआरएनएचं बघा. तांबड्या पेशींत मिर-४५१ए आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. थोड्या पेशी फुटल्या तरी प्लाझ्मातले आकडे उसळतात. २०१२ साली एका गटाने तोवर कॅन्सरचे "रक्तातले मार्कर" म्हणून छापून आलेले ७९ मायक्रोआरएनए तपासले, तर त्यातले ४६ रक्तपेशींमध्येच भरपूर असणारे निघाले. पेशी फुटल्यामुळे काहींची पातळी पन्नास पटींपर्यंत हलू शकते, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे रिपोर्टमध्ये जे वाढलेलं दिसतंय तो कॅन्सर आहे की कलेक्शनवाल्या पोराचा अंगठा, हे कोण सांगणार?

त्यात नळी कुठली तेही आलं. हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) असेल तर पुढची पीसीआर, म्हणजे आरएनए मोजायची चाचणी, बिघडते. सिरम, म्हणजे रक्त गोठू दिल्यावर वर उरणारं पाणी, घेतलं तर गोठताना प्लेटलेट्स आपला माल त्यात सोडतात, म्हणून सिरमचे आकडे आणि प्लाझ्माचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. चांगली लॅब मिर-४५१ए आणि मिर-२३ए यांचं प्रमाण पाहून फुटलेला नमुना बाजूला काढते. त्या टेबलावरच्या मुलाला एवढंच विचारा की नमुना किती वेळात फिरवता आणि हिमोलिसिस कसं तपासता. उत्तर आलं तर मला कळवा.

आशावादी | सोमवार, सकाळी १०:२०

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून म्हणतो, तुम्ही जरा जास्तच झोडपताय. प्रत्येक नवी तपासणी आधी कच्चीच असते. शुगरची पट्टी आली तेव्हाही लोक हसले असतील. २००८ साली सिएटलच्या शास्त्रज्ञांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात मिर-१४१ वाढलेला दाखवला. एवढासा आरएनए रक्तात टिकतो हेच केवढं आश्चर्य. चीनमध्ये तर यकृताच्या कॅन्सरसाठी सात मायक्रोआरएनएंचा संच सरकारने मान्यही केला आहे. आपण मात्र ठाण्यात बसून नाकं मुरडायची.

गणिती_बाळ | सोमवार, दुपारी १:०५

आशावादी, टिकतो हे खरं. पण आकडेमोड करू. सगळे आकडे समजा म्हणून घेतलेत, कुठल्याही कंपनीचे नाहीत.

घोडबंदरच्या सोसायट्यांतले लक्षणं नसलेले १०,००० लोक घ्या. त्यातल्या ५० जणांना कुठलातरी लपलेला कॅन्सर आहे असं धरू. तपासणी ९० टक्के आजारी पकडते आणि ९० टक्के निरोग्यांना बरोबर सोडते असं उदारपणे मानू. ५० पैकी ४५ सापडले, उत्तम. पण ९,९५० निरोग्यांपैकी ९९५ जणांनाही "पॉझिटिव्ह" आलं. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर २३ जणांत कॅन्सर असलेला एकच. बाकीचे सीटी, पेट स्कॅन, एंडोस्कोपी करत ठाणे-परळ फेऱ्या मारणार. आणि कोणत्या अवयवात शोधायचं हेही धड माहीत नाही.

हीच तपासणी यकृत आधीच सिरॉसिसने खराब झालेल्यांवर केली तर गणित पार बदलतं, कारण त्यांच्यात मुळातच कॅन्सरचं प्रमाण बरंच जास्त असतं. चीनचा संच यकृताच्याच कॅन्सरसाठी आहे. शिबिरातल्या पत्रकाला त्याचा आधार देता येणार नाही.

खारघरची_सई | सोमवार, रात्री ९:१०

गणिती_बाळ, +१. त्यात भर म्हणजे सगळ्यात गाजलेला मिर-२१. हा जवळजवळ प्रत्येक गाठीत वाढलेला सापडतो, म्हणून बऱ्याच पॅनेलमध्ये असतो. पण तो हृदयाच्या स्नायूत चट्टे पडतात तेव्हाही वाढतो, सूज असली तरी वाढतो. चौसष्ट वर्षांच्या बाईला संधिवात असेल, हिरड्या सुजल्या असतील. मिर-२१ वाढला एवढ्यावरून काय कळणार?

पण आशावादींचा मुद्दा मी अर्धा मान्य करते. प्रश्न नेमका विचारला तर मायक्रोआरएनए फार चोख उत्तर देतो. "हिला कुठे कॅन्सर आहे का?" हा नेमका प्रश्न नव्हे. "गाठ सापडलीय, ती कुठल्या जातीची?" हा नेमका.

आणि इथे आपल्या खारघरचं नाव घ्यायलाच हवं. अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र. लहान मुलांच्या मेंदूत होणारा मेड्युलोब्लास्टोमा हा एकच आजार दिसत असला तरी त्याचे चार गट आहेत, आणि गटावरून पुढचं सगळं ठरतं. अ‍ॅक्ट्रेकच्या लॅबने २०१३ साली काही जनुकं आणि काही मायक्रोआरएनए मिळून पीसीआरवर हे गट ओळखायची चाचणी छापली. विशेष म्हणजे ती मेणाच्या ब्लॉकवर चालते. ऑपरेशनमधला तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून मेणात बसवतात तो ब्लॉक. फॉर्मलिनमध्ये लांबलचक आरएनएचे तुकडे तुकडे होतात. मायक्रोआरएनए मुळातच इतका आखूड की त्याला फारसा धक्का लागत नाही. फ्रीजर, द्रव नायट्रोजन वगैरे नसलेल्या हॉस्पिटलातून आलेला जुना ब्लॉकही चालतो. आपल्याकडे याची किंमत किती मोठी आहे हे पॅथकाका सांगतील.

निवृत्त_पॅथ | सोमवार, रात्री ९:५५

सांगायचं काय, ब्लॉक हीच आपल्या देशाची बँक. दहा वर्षं जुना ब्लॉक कपाटातून काढून नवी चाचणी करता येते. वाचकहो, घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर स्लाइड्स आणि ब्लॉक कुठे आहेत त्याची नोंद ठेवा, नंबरसकट. लॅब ठरावीक मुदतीनंतर ते टाकून देऊ शकते.

एक_बाबा_पनवेल | सोमवार, रात्री ११:४०

फक्त वाचक आहे, पण हे वाचून राहवलं नाही. आमच्या मुलाला हाच आजार होता. बाहेरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग टाटाला गेलो. तिथे पहिल्यांदा विचारलं ते "ब्लॉक आणलाय का?" मला ब्लॉक म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. परत जाऊन आणला. प्लास्टिकच्या छोट्या जाळीवर पांढरं मेण, आत नखाएवढा करडा तुकडा, बाजूला पेनने लिहिलेला नंबर. शर्टाच्या खिशात ठेवून लोकलने आणला आणि गाडीभर हात खिशावरून काढला नाही. डब्ल्यूएनटी गट निघाला. डॉक्टर म्हणाल्या, चारांतला त्यातल्या त्यात चांगला. आता आठवीत आहे, गणितात नापास होतो, बाकी ठीक.

एक विचारायचं होतं. हा गट चांगला असेल तर मग पाठीच्या कण्यालाही रेडिएशन का दिलं? तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

खारघरची_सई | मंगळवार, सकाळी ७:३०

बाबा, नेमका हाच प्रश्न टाटाच्या डॉक्टरांनीही विचारला होता. या गटातल्या मुलांना कण्याचं रेडिएशन टाळून फक्त गाठीच्या जागी दिलं तर पुरेल का, असा अभ्यास त्यांनी सुरू केला. पण मुलांमध्ये आजार मेंदू-कण्यात इतरत्र उलटू लागला, म्हणून तो मुदतीआधी थांबवला आणि तसं प्रामाणिकपणे छापलं. तुमच्या मुलाला मिळालं ते योग्यच मिळालं. गणिताचं म्हणाल तर या रेडिएशननंतर अभ्यासात, विशेषतः वेगात आणि लक्ष लागण्यात अडचण येणं माहीत असलेली गोष्ट आहे. पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांना जरूर सांगा. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांकडून वेगळी चाचणी करतात आणि शाळेला द्यायला पत्रही मिळू शकतं.

पामबीच_वाशी | मंगळवार, सकाळी ११:००

चाचण्यांचं कळलं. उपचाराचं काय? काकांना लिव्हर कॅन्सर आहे. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय की मायक्रोआरएनएचं इंजेक्शन अमेरिकेत निघालंय.

खारघरची_सई | मंगळवार, रात्री ८:४५

पामबीच, निघालं होतं, आणि बंद पडलं. काकांसाठी वाईट वाटतं, पण खरं तेच लिहिते.

मिर-३४ए हा गाठीला लगाम घालणाऱ्यांपैकी. पी-५३ हा प्रसिद्ध राखणदार जनुक त्याला कामाला लावतो. बऱ्याच कॅन्सरांत तो कमी झालेला असतो, म्हणून त्याची नक्कल चरबीच्या सूक्ष्म थेंबात भरून शिरेतून द्यायची अशी कल्पना होती. औषधाचं नाव एमआरएक्स-३४. २०१३ साली माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली, त्यात लिव्हर कॅन्सरचे रुग्णही होते. एकूण ८५ जणांना दिलं. तिघांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या, त्यातला एक लिव्हरचाच होता. पण सोबत स्टेरॉइड देऊनही काहींची रोगप्रतिकारशक्ती भडकली, चार रुग्ण दगावले आणि २०१६ साली चाचणी थांबवली.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या छातीच्या आवरणाच्या कॅन्सरवर मिर-१६ ची नक्कल जिवाणूंपासून बनवलेल्या पोकळ कुप्यांतून दिली. २०१७ साली निकाल आले. तपासता आलेल्या २२ जणांत एकाची गाठ आक्रसली, १५ जणांची वाढ काही काळ थांबली. उलट बाजूने, म्हणजे वाढलेल्या मिर-१५५ ला दाबणारं कोबोमार्सन त्वचेच्या लिम्फोमात दिलं, तेही बाजारात आलं नाही. आजच्या घडीला कॅन्सरसाठी मान्य झालेलं एकही मायक्रोआरएनए औषध नाही.

शेकडो नोटिशींवर चिकटण्याची जी भानगड पहिल्या प्रतिसादात लिहिली, तीच इथे आडवी येते. शिवाय औषध गाठीपर्यंत पोचवायचं कसं हे मोठं कोडं. याचीच चुलत भावंडं असलेली एसआयआरएनए औषधं २०१८ पासून मिळू लागली, कारण ती एकाच नोटिशीवर नेम धरतात आणि यकृतात सहज पोचतात. पण ती कॅन्सरसाठी नाहीत. काकांच्या डॉक्टरांनी जे चालू केलंय ते सोडून त्या मेसेजमागे जाऊ नका.

आशावादी | मंगळवार, रात्री ९:३०

बरं, मग निदानात आज रुग्णाच्या थेट कामाला येईल असं रक्तातलं एक तरी उदाहरण द्या. एकही नाही?

निवृत्त_पॅथ | मंगळवार, रात्री १०:१५

आहे की. आणि फर्मास आहे. मिर-३७१ए-३पी. वृषणाच्या गाठीसाठी. २०१९ साली छापलेल्या मोठ्या जर्मन अभ्यासात सुमारे ९० टक्के रुग्ण पकडले आणि ९४ टक्के निरोग्यांना बरोबर सोडलं. एएफपी, बीटा-एचसीजी हे नेहमीचे मार्कर इथे बऱ्याच वेळा नॉर्मलच येतात. ऑपरेशननंतर हा काही तासांत उतरतो, आजार उलटला की पुन्हा चढतो. का जमलं? कारण निरोगी प्रौढाच्या रक्तात हा जवळपास नसतोच. तांबडी पेशी फुटली काय, हिरडी सुजली काय, याला फरक पडत नाही. एक अपवाद म्हणजे टेराटोमा हा वृषणाच्या गाठीचाच एक प्रकार, तो याला दिसत नाही. आपल्याकडे रोजच्या वापरात यायला वेळ लागेल, पण मार्कर असावा तर असा.

कोलशेतकरीण | बुधवार, सकाळी ९:००

सगळ्यांचे आभार. टेबलावरच्या मुलाला फोन करून पॅथकाकांचे दोन्ही प्रश्न विचारले. म्हणाला, "मॅडम, ते आमचे सीनियर सांगतील." सीनियरने सवलत वाढवली.

मग आईसाठी काय करू? तिला काहीतरी करायचंच आहे.

निवृत्त_पॅथ | बुधवार, सकाळी ९:४०

अहो, मग करा ना. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण असेल तर त्यांना कितव्या वर्षी झाला ते आधी विचारा. पन्नाशीच्या आत झाला असेल तर जेनेटिक काउन्सेलिंगला जा. आईची मॅमोग्राफी करा आणि ब्रेस्ट सर्जनकडून हाताने तपासणी करून घ्या. हाताने म्हटल्यावर नाक मुरडू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर टाटाने वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासण्याने तिथले मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पत्रकातली तपासणी असा एक आकडा दाखवू शकली तर मी स्वतः रांगेत उभा राहीन.

दिव्याचा_दादा | बुधवार, दुपारी २:२०

थोडं अवांतर. मेहुणा मावा खातो, कित्येक वर्षं. गुटखाबंदी २०१२ ला झाली तरी स्टेशनबाहेर सगळं मिळतं. हल्ली त्याला तिखट लागलं की तोंडात आग होते. थुंकीतल्या मायक्रोआरएनएची काही टेस्ट आहे का? रक्त द्यायला घाबरतो, थुंकायला तयार होईल.

खारघरची_सई | बुधवार, दुपारी ३:१०

थुंकीवर काम चालू आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मिर-३१ वाढलेला, मिर-१२५ए आणि मिर-२००ए कमी झालेले, असं सापडलंय. पण अजून प्रयोगशाळेतच.

निवृत्त_पॅथ | बुधवार, दुपारी ३:२५

दिव्याचा_दादा, आग होतेय म्हणजे टेस्टची वाट बघायची नाही. त्याला आज रात्री जेवायच्या आधी तोंड उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का बघा. जात नसतील तर सबम्युकस फायब्रोसिस (गालाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होण्याचा आजार) असू शकतो. गालाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का तेही टॉर्च मारून बघा. काहीही दिसो न दिसो, या आठवड्यात नेरूळच्या एखाद्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत घेऊन जा. केसपेपरला फारसा खर्च नाही. आणि मावा आजपासून बंद.

दिव्याचा_दादा | बुधवार, रात्री १०:५०

दोनच गेली. शुक्रवारी त्याची सुट्टी आहे, घेऊन जातोय.

निवृत्त_पॅथ | बुधवार, रात्री ११:०५

सकाळी साडेआठला पोचा, नंतर गर्दी होते. बायॉप्सी घेतली तर रिपोर्टबरोबर ब्लॉकचा नंबरही लिहून घ्या.